रंगपंचमीला टाइल्स बसवणारे शेड्यूल

१८ मार्च २०२५, मंगळवारची संध्याकाळ. साइटवरून काकांचा फोन आला. "ताई, तुमच्या कागदावर उद्या टाइल्सवाले दिसतायत. तुमच्या कॉम्प्युटरला गेर ठाऊक नाही का हो?"

उद्या म्हणजे रंगपंचमी. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. स्थानिक सुट्टी असते, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते आणि टँकरवरून उडवलेला रंग वरच्या मजल्यांच्या खिडक्यांपर्यंत पोचतो. आमची साइट राजवाड्यापासून दोन गल्ल्या आत. त्या दिवशी तिथे सिमेंटची गोणी सोडा, रिकामी सायकलसुद्धा नेता येत नाही.

मला जास्त लागलं ते वेगळंच. मी रंगपंचमीची सुट्टी शेड्यूलच्या फाइलमध्ये टाकली होती. जानेवारीतच, स्वतःच्या हाताने. तरी टाइल्सचं काम १९ तारखेवर ठाण मांडून बसलं होतं.

हे पहिल्यांदा झालं नव्हतं. दिवाळीला झालं, संक्रांतीला झालं. काही कामं सुट्टीवरून उडी मारून पुढे जात, काही जागची हलत नसत, काही भलतीच चार दिवस पुढे पळत. दर वेळी मी माउसने पट्ट्या ओढून चार्ट सरळ करायची, प्रिंट काढून काकांना द्यायची आणि विसरायची. पुढच्या सणाला तेच, पण जरा अधिक बिघडलेलं. ते दर वेळी वाढत का होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्याचं कारण माझा माउसच होता.

खाली लिहिलेलं सगळं मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या कामांचं वेळापत्रक आखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डेस्कटॉप आवृत्तीबद्दल आहे. बटणांची नावं स्क्रीनवर दिसतात तीच ठेवली आहेत.

सुट्टी टाकली, पण कोणाच्या कॅलेंडरात?

आपल्याला वाटतं फाइलला एक कॅलेंडर असतं. प्रत्यक्षात तीन थर असतात. एक प्रोजेक्टचं कॅलेंडर. दुसरं प्रत्येक माणसाचं किंवा टोळीचं, म्हणजे रिसोर्सचं. तिसरं एखाद्या कामाला स्वतंत्र दिलेलं, टास्क कॅलेंडर. कामावर कोणी नेमलेलं नसेल तर ते प्रोजेक्टच्या कॅलेंडरने चालतं. ज्या क्षणी तुम्ही त्यावर टोळी नेमता, त्या क्षणी ते टोळीच्या कॅलेंडरने चालू लागतं. आमच्या घोळाचं मूळ या एका वाक्यात होतं.

मी "इंदूर साइट" नावाचं नवं कॅलेंडर बनवलं होतं. सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते १ आणि २ ते ६, रविवार बंद, सुट्ट्या भरलेल्या. प्रोजेक्ट इन्फर्मेशनमध्ये जाऊन तेच कॅलेंडर निवडलंही होतं. (पुष्कळ जण इथेच चुकतात. कॅलेंडर बनवतात, पण प्रोजेक्टला लावतच नाहीत. चेंज वर्किंग टाइमच्या खिडकीत कॅलेंडरच्या नावापुढे कंसात प्रोजेक्ट कॅलेंडर असं लिहिलेलं दिसतं का, एवढं पाहिलं की समजतं.) पण रिसोर्सची यादी मी त्याआधीच तयार केली होती. त्यामुळे गवंडी, टाइल्सवाले, रंगारी सगळ्यांचं मूळ कॅलेंडर "स्टँडर्ड"च राहिलं होतं. ते कॅलेंडर सॉफ्टवेअरबरोबर आयतं येतं. सोमवार ते शुक्रवार, ८ ते १२ आणि १ ते ५. शनिवार-रविवार बंद आणि सण एकही नाही.

म्हणजे माझ्या फाइलमध्ये गवंड्यांना शनिवारची सुट्टी होती आणि धुळवडीला कामावर यायचं होतं! साइटवर कोणी हे ऐकलं असतं तर हसून लोळले असते.

उपाय पाच मिनिटांचा आहे. रिसोर्स शीट उघडा, बेस कॅलेंडरचा रकाना पाहा आणि सगळीकडे साइटचं कॅलेंडर निवडा. तिथून पुढे साइटच्या कॅलेंडरात टाकलेली सुट्टी आपोआप सगळ्या टोळ्यांना लागते. एखाद्या टोळीची वेगळी रजा असेल तर ती फक्त तिच्या कॅलेंडरात भरायची. आमची खोदकाम आणि स्लॅबची टोळी झाबुआ-अलीराजपूरकडची आहे. होळीच्या आधीचा अख्खा आठवडा भगोरियाचे हाट असतात, तेव्हा ती माणसं गावी जाणारच. ठेकेदाराने कितीही आरडाओरडा केला तरी जाणार, आणि मला विचाराल तर जायलाच हवीत. हा आठवडा प्रोजेक्टच्या कॅलेंडरात टाकला तर प्लंबरही घरी बसतो. म्हणून तो त्या टोळीच्याच कॅलेंडरात टाकला.

चूक इतके दिवस लपली कशी?

मी आकडे मांडून पाहिले. प्लास्टरचं काम सहा दिवसांचं, सुरुवात सोमवार १० मार्च. खऱ्या साइटच्या हिशोबाने दिवस येतात १०, ११, १२, १३, मग १४ला धुळवड म्हणून बंद, १५चा शनिवार चालू, १६ रविवार, १७ला काम संपलं. आता स्टँडर्डच्या हिशोबाने मोजा. १०, ११, १२, १३, १४ (धुळवड त्याला ठाऊकच नाही), शनिवार-रविवार बंद, १७ला काम संपलं.

दोन्हीकडे १७ मार्च! एक दिवस चुकून जास्त, एक दिवस चुकून कमी. बेरीज बरोबर आली आणि मी समाधानाने प्रिंट काढली. मग टाइल्स, चार दिवसांचं काम, प्लास्टरला जोडलेलं. साइटच्या हिशोबाने १८, २०, २१, २२. स्टँडर्डच्या हिशोबाने १८, १९, २०, २१. इथे झाकण उघडलं, आणि फोन आला.

शेवटची तारीख बरोबर आली म्हणजे शेड्यूल बरोबर, असं मी तेव्हापासून मानत नाही. सुट्टीच्या आठवड्यातलं एक काम घेते आणि मधले दिवस बोटावर मोजते.

माउसने ओढलेली पट्टी

कॅलेंडरं सुधारली आणि वाटलं, झालं. नाही झालं. अर्ध्याहून जास्त कामं सरकली, उरलेली तशीच.

गँट चार्टवर, म्हणजे कामांच्या पट्ट्यांच्या तक्त्यावर, तुम्ही एखादी पट्टी माउसने उजवीकडे ओढता, किंवा सुरुवातीच्या रकान्यात तारीख टाइप करता, तेव्हा सॉफ्टवेअर ती नुसती सरकवत नाही. त्या कामावर "स्टार्ट नो अर्लियर दॅन" अशी अट बसवते. या तारखेच्या आत हे काम सुरू करायचं नाही, असा तुमचा हुकूम आहे असं ते समजतं. शेवटची तारीख टाइप केली तर "फिनिश नो अर्लियर दॅन". दोन कामांमधला दुवा तसाच राहतो, पण आधीचं काम लवकर संपलं तरी हे मागे येत नाही. आधीचं काम उशिरा संपलं तर मात्र पुढे जातं. म्हणूनच सगळं "कधी सरकतं, कधी नाही" असं वाटत होतं.

दर सणाला मी दहा-पंधरा पट्ट्या ओढत होते. म्हणजे दर सणाला दहा-पंधरा नवे खिळे ठोकत होते. मार्चपर्यंत फाइलमध्ये ७३ कामांवर अटी होत्या, आणि त्यातल्या खऱ्या फक्त चार.

शोधायचं असं. कन्स्ट्रेंट टाइप हा रकाना टेबलात आणा आणि "ॲज सून ॲज पॉसिबल" सोडून जे काही असेल ते गाळून पुढे घ्या. एखादंच काम अडकलेलं असेल तर ते निवडून टास्क टॅबवरचं इन्स्पेक्ट बटण दाबा. डाव्या बाजूला उघडणाऱ्या पट्टीत हे काम याच तारखेला का आहे ते लिहिलेलं असतं: आधीचं काम, अट, कॅलेंडर. इतकी उपयोगी गोष्ट इतक्या आडबाजूला का ठेवली, देव जाणे.

काढण्याआधी फाइलची नक्कल करून ठेवा. मग यादीतली प्रत्येक अट वाचा. लिफ्टचा माल ठरावीक तारखेच्या आत कारखान्यातून निघणार नाही, ही अट खरी, ती राहू द्या आणि नोट्समध्ये कारण लिहा. बाकीची सगळी कामं एकदम निवडून टास्क इन्फर्मेशनच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर "ॲज सून ॲज पॉसिबल" करा. अमुक तारखेला काम संपायलाच हवं असं मालकाने सांगितलं असेल तर "मस्ट फिनिश ऑन" लावू नका, डेडलाइनच्या चौकटीत तारीख टाका. डेडलाइन कामाला धरून ठेवत नाही, ओलांडली तर फक्त खूण दाखवते.

मी एकदम ६९ अटी काढल्या तेव्हा अख्खं शेड्यूल डावीकडे धावलं आणि तीन कामं थेट प्रोजेक्टच्या पहिल्या तारखेवर जाऊन बसली. घाबरले. ती तीन कामं कोणालाच जोडलेली नव्हती. अटींवरच लटकली होती, दुवा कधी टाकलाच नव्हता. त्यांना योग्य आधीचं काम जोडलं आणि ती जागेवर आली.

दुसरा संशयित म्हणजे मॅन्युअल मोड. २०१०च्या आवृत्तीपासून नवी कामं मुळातच मॅन्युअली शेड्यूल्ड म्हणून जन्मतात. टास्क मोडच्या रकान्यात टाचणीचं चित्र दिसलं तर ते काम मॅन्युअल आहे. कॅलेंडर बदललं, आधीचं काम सरकलं, तरी ते ढिम्म हलत नाही. तारखेखाली लाल नागमोडी रेघ मात्र येते. सगळी निवडून ऑटो शेड्यूल करा आणि खालच्या पट्टीतून नव्या कामांसाठीही ऑटोच ठेवा.

तराईला रविवार नसतो

आता उलटा प्रकार, जी कामं नको तितकी पुढे पळतात त्यांचा.

स्लॅब टाकल्यावर तराई, म्हणजे काँक्रीट पाण्याने ओलं ठेवणं. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला निदान ७ दिवस पाणी, मिश्र सिमेंटला १० दिवस. दुव्यावर मी "७डी" असं अंतर टाकलं होतं. सॉफ्टवेअर याचा अर्थ कामाचे सात दिवस असा घेतं. सोमवार १० मार्चला संध्याकाळी ६ वाजता संपलेला स्लॅब धरा. कामाचे सात दिवस म्हणजे ११, १२, १३, १५, १७, १८, २०, आणि पुढचं काम शुक्रवार २१ला. पण काँक्रीटला धुळवड नसते आणि रविवारही नसतो. सात दिवस १७च्या संध्याकाळीच भरतात, पुढचं काम मंगळवार १८ला सुरू होऊ शकतं. १९ची रंगपंचमी सोडली तरी कामाचे दोन दिवस फुकट गेले, तेही फक्त एका अक्षराने.

अंतर "७ईडी" असं लिहायचं. त्यातला ई म्हणजे उलटून गेलेले दिवस, भिंतीवरच्या कॅलेंडरचे. ते सुट्टीच्या दिवशी संपले तर पुढचं काम आपोआप पुढच्या कामाच्या दिवशी लागतं. रंग वाळणं, वॉटरप्रूफिंगची पाणी भरून चाचणी, चिकटवण्याचं रसायन सुकणं, सगळ्याला हेच. ऑर्डर केलेला माल किती दिवसांत येणार हे पुरवठादार कोणत्या दिवसांत सांगतो ते मात्र विचारून घ्या. आमचा टाइल्सवाला "दहा दिवस" म्हणतो तेव्हा त्यात त्याच्या दुकानाच्या सुट्ट्या धरलेल्या नसतात.

(आणि हो, शेड्यूलमध्ये तराई सुट्टीच्या दिवशी चालते तेव्हा कोणीतरी खरंच पाणी मारायला हवं. आमच्याकडे वॉचमन सकाळी सातला मारतो आणि मग गेर बघायला जातो.)

प्रिमाव्हेरा हे शेड्यूलिंगचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे अंतर कोणत्या कॅलेंडरने मोजायचं ते शेड्यूलिंगच्या पर्यायांत विचारलं जातं: आधीच्या कामाचं, नंतरच्या कामाचं, २४ तासांचं की प्रोजेक्टचं. अडचण अशी की ती निवड सगळ्या दुव्यांना एकसारखी लागते. तिथे तराई हे स्वतंत्र काम करून त्याला सातही दिवस चालू असलेलं कॅलेंडर द्यावं.

रात्रीचा माल

आमच्या गल्लीत दिवसा ट्रक येत नाही. माल रात्री उतरतो. त्यासाठी मी रात्री १० ते सकाळी ६ असं कॅलेंडर करायला गेले तर सॉफ्टवेअर घेईना. मध्यरात्र ओलांडणारी एक ओळ चालत नाही. दोन ओळी कराव्या लागतात: मध्यरात्री १२ ते सकाळी ६ आणि रात्री १० ते १२, दोन्ही त्याच तारखेच्या. सोमवारी रात्री सुरू झालेली पाळी मंगळवारच्या पहाटे संपते, म्हणून सोमवारला फक्त १० ते १२ आणि आठवड्याच्या शेवटच्या दिवसाला फक्त १२ ते ६, असं कडेचे दिवस जुळवून घ्यायचे. आयतं "नाइट शिफ्ट" कॅलेंडर उघडून त्याची मांडणी पाहिली की चटकन कळतं.

मग ते कॅलेंडर "माल उतरवणे" या कामाला लावलं, हमालांची टोळी नेमली, आणि तक्रार आली: कामाच्या आणि रिसोर्सच्या कॅलेंडरात पुरेसा सामायिक वेळ नाही. बरोबरच आहे. दोन्ही कॅलेंडरं असली की सॉफ्टवेअर दोघांचाही चालू वेळ शोधतं. काम रात्रीचं, हमाल दिवसाचे, सामायिक तास शून्य. एक तर हमालांना रात्रीचं कॅलेंडर द्या, नाहीतर कामाच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर "शेड्यूलिंग इग्नोअर्स रिसोर्स कॅलेंडर्स" समोर खूण करा. मी पहिला मार्ग घेतला. दुसरा सोपा आहे, पण मग त्या टोळीच्या रजाही दुर्लक्षिल्या जातात.

रंगपंचमीच्या आदल्या रात्रीही गल्ली मोकळी नसते, पडदे बांधायचं काम चालू असतं. ती रात्र रात्रीच्या कॅलेंडरात वेगळी बंद करावी लागली.

छोटे काटे

चार्टवरची करडी पट्टी पाहून सुट्टी लागली असं समजू नका. टाइमस्केलच्या नॉन वर्किंग टाइम टॅबवर जे कॅलेंडर निवडलं असेल त्याची ती छटा असते, हिशोबाशी तिचा संबंध नाही. मी महिनाभर स्टँडर्डची छटा पाहत होते.

दुसरं, दिवसाला किती तास हा पर्याय बदलून कामाचे तास बदलत नाहीत. तो फक्त "१ दिवस" म्हणजे किती तास हे ठरवतो. कॅलेंडरात ९ तास आणि पर्यायात ८ असतील तर प्रत्येक काम तासभर आधी संपतं, पुढचं त्याच संध्याकाळी तासाभरासाठी सुरू होतं आणि एका दिवसाच्या कामाला दोन तारखा दिसतात. शनिवार अर्धा असेल तर तेच: शनिवारी सुरू झालेलं एका दिवसाचं काम सोमवारी दुपारी संपतं आणि पुढची सगळी साखळी दुपारची होते. हे पकडायला तारखेबरोबर वेळही दिसेल असा फॉरमॅट निवडा. अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

सुरू झालेलं काम कॅलेंडर बदलून मागेपुढे जात नाही, त्याची प्रत्यक्ष सुरुवात नोंदलेली असते. उरलेलं काम पुढे ढकलायला अपडेट प्रोजेक्टमधला न झालेलं काम अमुक तारखेनंतर लावण्याचा पर्याय आहे. काहीच हलत नसेल तर एफ९ दाबून पाहा, कदाचित कोणीतरी आपोआप हिशोब बंद केला असेल.

काकांना एक्सेल हवं

काका प्रोजेक्ट उघडत नाहीत. त्यांच्यासाठी छोटी शीट केली. टाइप रोमनमध्येच करायचं, मी उच्चार लिहिते. शेवट: =वर्कडे.इंटल(सुरुवात-१, दिवस, ११, सुट्ट्या). पुढच्या कामाची सुरुवात: =वर्कडे.इंटल(शेवट, १, ११, सुट्ट्या). ११ म्हणजे फक्त रविवार बंद. नुसतं वर्कडे घेतलं तर शनिवारही जातो. सुरुवातीतून १ वजा न केल्यास प्रत्येक काम एक दिवस लांबतं, कारण हे सूत्र पहिला दिवस मोजत नाही. सुट्ट्यांच्या तारखा मजकूर म्हणून साठल्या नाहीत ना, हे पाहा. रकाना रुंद केल्यावर त्या आपोआप उजवीकडे चिकटल्या तर खऱ्या तारखा.

सुट्ट्या भरायच्या कधी?

सुट्टी भरताना "दरवर्षी" असा पर्याय मिळतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला तो ठीक. तिथीच्या सणांना अजिबात लावू नका. रंगपंचमी २०२४ मध्ये ३० मार्चला होती, २०२५ मध्ये १९ला, २०२६ मध्ये ८ला. मी एकदा तो लावला होता आणि फाइलने पुढच्या वर्षीही १९लाच साइट बंद ठेवली.

आता डिसेंबरात काका आणि मी एक दुपार बसतो. माझ्या हातात घरचं कालनिर्णय, साइटच्या खोलीत भिंतीवर जबलपूरचं लाला रामस्वरूप. माझ्या कॅलेंडरात रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमीला, त्यांच्या भिंतीवर चैत्र कृष्ण पंचमीला. दिवस तोच, महिना वेगळा, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि तिकडचा पौर्णिमेला. म्हणून तिथीवरून बोलायचं नाही, इंग्रजी तारीख लिहायची, असं ठरलं आहे. यादी झाली की ती साइटच्या कॅलेंडरात भरते आणि ऑर्गनायझरमधून ग्लोबल फाइलमध्ये नक्कल टाकते, म्हणजे पुढची नवी फाइल कोरी नसते.

यादी वाचून झाल्यावर काका शेवटी मुकादमाला बोलावतात. गेल्या खेपेला त्याने यादी ऐकली आणि विचारलं, "और आखातीज, भिया?" अक्षय्य तृतीयेची साइटला सुट्टी नसते, पण त्याच्या टोळीत त्या दिवसाच्या आजूबाजूला निदान दोन लग्नं असतात. चार दिवस त्या टोळीच्या कॅलेंडरात बंद केले.